यीस्टची पेशी आपला मेटिंग टाइप कसा बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यीस्ट म्हटलं की आपल्याला पाव आठवतो, फार तर बिअर. हे पान त्याच्या एका वेगळ्याच उद्योगाबद्दल आहे. ही एकपेशीय बुरशी स्वतःच्याच डीएनएमध्ये ठरल्या जागी, ठरल्या वेळी तूट घडवून आणते आणि ती सांधता सांधता आपला मेटिंग टाइप बदलून घेते. इथे भर फिशन यीस्टवर आहे, कारण तिथला प्रकार जास्त विलक्षण आहे. बेकरीच्या यीस्टचा नंबर पुढे लागेल.

यीस्टमध्ये नर आणि मादी असतात का?

नाही. दोन मेटिंग टाइप असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टाइपच्या पेशी हुबेहूब सारख्या दिसतात. फरक असतो तो रसायनांचा. फिशन यीस्टमधल्या टाइपना 'पी' आणि 'एम' म्हणतात, म्हणजे प्लस आणि मायनस. पी पेशी २३ अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड बाहेर सोडते. एम पेशीचा पेप्टाइड ९ अमिनो आम्लांचा असतो आणि त्याला मेदासारखी शेपटी जोडलेली असते. प्रत्येकीकडे फक्त समोरच्या टाइपचा पेप्टाइड ओळखणारा रिसेप्टर असतो, त्यामुळे पी-पी किंवा एम-एम अशी जोडी जमत नाही.

फिशन यीस्ट म्हणजे नेमकं कोणतं?

शिझोसॅकॅरोमायसिस पॉम्बे. पूर्व आफ्रिकेतल्या भरड धान्याच्या बिअरमधून ते मिळालं आणि पॉल लिंडनर यांनी १८९३ मध्ये त्याचं वर्णन केलं. पेशी दंडगोलाकार, लांबी साधारण ७ ते १४ मायक्रोमीटर, गुणसूत्रं फक्त तीन. स्वित्झर्लंडमध्ये उर्स लॉयपोल्ड यांनी १९४० च्या दशकात त्याच्या आनुवंशिकीचा पाया घातला. पुढे पॉल नर्स यांनी पेशीचक्रावरचं काम याच यीस्टवर केलं आणि २००१ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

बेकरीच्या यीस्टला फुटवा येतो, त्यामुळे आई कोण आणि लेक कोण हे नुसतं बघून कळतं. पॉम्बेची पेशी मात्र मधोमध भिंत घालून दोन समान भागांत विभागते. दोन्ही बहिणी दिसायला सारख्याच. तरीही त्या आतून सारख्या नसतात. हे कसं, ते पुढे सातव्या प्रश्नात येईल. घाई असेल तर थेट तिथे जा.

पण टाइप बदलण्याची गरजच काय?

आजूबाजूचा नायट्रोजन संपला की पॉम्बेच्या पी आणि एम पेशी एकमेकींत विलीन होतात आणि लगोलग अर्धसूत्री विभाजन होऊन चार बीजाणू तयार होतात. बीजाणूचं कवच जाड असतं. कोरड पडली, उपासमार झाली तरी तो तग धरतो. आता एकच बीजाणू वाऱ्यावर किंवा माशीच्या पायाला चिकटून एखाद्या फळावर पडला, असं समजा. त्याची सगळी प्रजा एकाच टाइपची झाली तर वाईट दिवसांत बीजाणू करायला जोडीदारच नाही. टाइप बदलता आला तर एकट्या पेशीपासूनही दोन्ही टाइपची वसाहत उभी राहते.

यात लग्न घरच्या घरातच लागतं, नवीन जनुकांची भर पडत नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो बरोबर आहे. फायदा बीजाणूंचा आहे, जनुकं मिसळण्याचा नाही.

टाइप बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं?

दुसऱ्या गुणसूत्रावर तीन जागा आहेत: मॅट१, मॅट२ आणि मॅट३. पेशीचा टाइप ठरतो तो फक्त मॅट१ वर काय लिहिलंय त्यावरून. तिथे पीची माहिती असेल तर पेशी पी, एमची असेल तर एम. ही माहिती सुमारे ११०० अक्षरांची आहे. मॅट१ पासून साधारण १७ हजार अक्षरांवर मॅट२ आहे, तिथे पीची प्रत कायम असते. त्याच्याही पुढे ११ हजार अक्षरांवर मॅट३, तिथे एमची. या दोन्ही प्रती गप्प असतात. त्यांचं काम फक्त साठवणीचं.

टेपरेकॉर्डर एक आणि कॅसेट दोन, अशी ही व्यवस्था आहे, आणि शास्त्रज्ञही त्याला 'कॅसेट मॉडेल'च म्हणतात. १९७७ मध्ये हिक्स, स्ट्रॅदर्न आणि हर्सकोविट्झ यांनी ते बेकरीच्या यीस्टसाठी मांडलं. एक फरक लक्षात ठेवायचा: इथे कॅसेट फळीवरून काढली जात नाही, तिची नक्कल मॅट१ वर उतरवली जाते आणि तिथलं जुनं लिखाण टाकून दिलं जातं. मूळ प्रत शाबूत राहते, म्हणून पेशीच्या पुढच्या पिढ्या हवं तितक्या वेळा पुढे-मागे बदलू शकतात.

मॅट२ आणि मॅट३ गप्प कशामुळे राहतात?

तो भाग हेटरोक्रोमॅटिनमध्ये घट्ट बांधलेला असतो. सीएलआर४ हे विकर हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, रासायनिक खूण करतं आणि त्या खुणेवर एसडब्ल्यूआय६ हे प्रथिन येऊन बसतं. ही बांधणी सैल झाली तर एकाच पेशीत पी आणि एम दोन्ही बोलू लागतात आणि गुणसूत्रांचा एकच संच असलेली पेशी अर्धसूत्री विभाजनाला हात घालते. अशा विभाजनाचा शेवट बहुधा पेशीच्या मरणात होतो.

टाइप बदलतोय हे प्रयोगशाळेत दिसतं कसं?

आयोडीनच्या वाफेने. पेट्री डिशच्या झाकणात आयोडीनचे थोडे स्फटिक ठेवायचे आणि वसाहती वाढलेली डिश त्यावर पालथी घालायची. जांभळट वाफ वर चढते. बीजाणूंच्या कवचात स्टार्चसारखी साखळी असल्याने काही मिनिटांत वसाहत काळपट तपकिरी होते. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलेलं आठवत असेल तर रसायन तेच. व्यवस्थित टाइप बदलणाऱ्या वाणाची वसाहत एकसारखी गडद दिसते. टाइप न बदलणारा वाण पिवळट राहतो, कारण जोडीदार नाही म्हणून बीजाणूच नाहीत. आणि बदल अडखळत होत असेल तर वसाहतीवर ठिपके आणि पट्टे उमटतात.

या ठिपकेदार वसाहती वेचूनच गुट्झ आणि श्मिट यांनी १९८५ मध्ये टाइप बदलायला लागणाऱ्या एसडब्ल्यूआय जनुकांची मालिका मांडली. वाफ, डिश आणि डोळे, एवढ्यावर इतकं मोठं काम झालं. मला तरी अशा स्वस्त पद्धतींचं महागड्या यंत्रांपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

'चारात एक' हा नियम काय आहे? आणि कोणत्या मुलीने बदलायचं हे पेशीला कळतं कसं?

हे दोन प्रश्न वेगळे विचारले जातात, पण उत्तर एकच आहे.

एक पेशी घ्या. ती दोनदा विभागली की चार नाती होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही वंशावळ पाहिली तर चार नातींपैकी एकीचाच टाइप बदललेला असतो. दोघींचा नाही, आणि एकीचाही नाही असं क्वचितच. यदृच्छेने घडत असतं तर कधी तीन, कधी काहीच नाही, असे आकडे आले असते. जपानमधल्या मियाता दांपत्याने १९८१ मध्ये हा ठेका नोंदवला. म्हणजे दोन समान दिसणाऱ्या बहिणींपैकी एकीकडे असं काहीतरी येतं जे दुसरीकडे येत नाही. ते काय?

पहिला संशय एखाद्या प्रथिनावर जातो, की ते एका पेशीत जास्त गेलं असेल. अमर क्लार यांनी १९८७ मध्ये वेगळंच सुचवलं: फरक डीएनएच्या धाग्यांतच आहे.

डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने धावतात, आणि नवा धागा विणणारं पॉलिमरेज मात्र एकाच दिशेने चालतं. त्यामुळे नकलेचा फोर्क, म्हणजे दोन धागे सुटे होऊन नक्कल सुरू असते ती जागा, पुढे सरकताना एका बाजूचा नवा धागा सलग बनतो, त्याला लीडिंग धागा म्हणतात. दुसऱ्या बाजूचा तुकड्या-तुकड्यांनी बनतो, तो लॅगिंग. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या छोट्या प्रायमरने होते. इथवर पाठ्यपुस्तक. पण याचा अर्थ असा की नक्कल झाल्यावर हाती येणारे दोन डीएनए रेणू अक्षरन् अक्षर सारखे असले तरी त्यांची घडण सारखी नसते. बहुतेक ठिकाणी या फरकाला कोणी विचारत नाही. पॉम्बे मॅट१ वर त्याचाच उपयोग करून घेतं.

फोर्क मॅट१ वर नेहमी एकाच बाजूने येईल, याची चोख व्यवस्था आहे. दुसऱ्या बाजूने येणाऱ्या फोर्कला आरटीएस१ नावाचा अडथळा थोपवतो, आणि तो एकाच दिशेच्या फोर्कला अडवतो. योग्य दिशेने आलेला फोर्क मॅट१ पाशी क्षणभर थबकतो. हे थबकणं एसडब्ल्यूआय१ आणि एसडब्ल्यूआय३ या प्रथिनांवर अवलंबून आहे. याच वेळी नव्या लॅगिंग धाग्यावर एक खूण राहून जाते. दोन नव्या रेणूंपैकी एकावर खूण, दुसरा कोरा.

आता पी टाइपची कोरी पेशी घ्या. ती विभागली की एक मुलगी खूण असलेली, एक कोरी. दोघी अजून पीच. पुढच्या फेरीत कोऱ्या मुलीकडे आईचीच गोष्ट पुन्हा घडते: एक खुणेची पी, एक कोरी पी. खुणेच्या मुलीकडे मात्र वेगळं घडतं. खूण असलेला धागा आता जुना झाला आहे आणि त्याच्यावरून लीडिंग धागा बनायचा आहे. पॉलिमरेज सुसाट येतं, खुणेवर आपटतं, आणि रेणू तिथे तुटतो. सांधताना मॅट३ ची नक्कल उतरते आणि ती पेशी एम होते. तिच्या बहिणीला मिळणारा रेणू दुसऱ्या धाग्यावरून लॅगिंग पद्धतीने बनलेला, म्हणून त्यावर पुन्हा नवी खूण. ती पीच, पण पुढच्या वेळी बदलायला तयार.

हिशेब करा: कोरी पी, खुणेची पी, खुणेची पी आणि एक एम. चारात एक.

क्लार यांनी या कल्पनेची परीक्षाही घेतली. मॅट१ ची दुसरी प्रत उलट्या दिशेने शेजारी जोडली, तर दोन्ही बहिणींना खूण मिळायला हवी. तसंच झालं, दोन्ही बहिणी बदलायला सक्षम झाल्या. पुढे १९९९ मध्ये डॅलगार्ड आणि क्लार यांनी मॅट१ जागच्या जागी उलटा केला. अक्षरं तीच, जागा तीच, फक्त फोर्क आता उलट बाजूने येतोय. खूण उमटणंच बंद झालं. नियंत्रण अक्षरांत नसून नकलेच्या दिशेत आहे, याला यापेक्षा थेट पुरावा काय हवा?

ती 'खूण' प्रत्यक्षात आहे काय?

इथे तज्ज्ञांत दोन मतं आहेत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या बेन्वा आर्कांजिओली यांच्या गटाच्या मते ती एका धाग्याला पडलेली चीर आहे. याकोब डॅलगार्ड यांच्या गटाच्या मते धागा सलगच आहे, पण त्यात डीएनएच्या अक्षरांऐवजी आरएनएची एक-दोन अक्षरं राहून गेली आहेत, बहुधा लॅगिंग धाग्याच्या प्रायमरमधली. दुसऱ्या मताला आधार असा, की त्या जागी आरएनए कापणारी विकरं आणि अल्कली काम करतात, आणि डीएनए पॉलिमरेज-अल्फाच्या एका उत्परिवर्तनाने, म्हणजे एसडब्ल्यूआय७ ने, खूण उमटत नाही. हे पॉलिमरेज प्रायमर बसवणाऱ्या विकराच्या जोडीनेच काम करतं. माझा कल या दुसऱ्या मताकडे आहे.

यामागे एक शिकण्यासारखा घोटाळाही आहे. १९८० च्या दशकात डीएनए वेगळा काढला की मॅट१ पाशी पाचेक रेणूंमागे एक, दोन्ही धागे तुटलेला दिसायचा. अर्थातच पेशीतही तो तसाच तुटका असतो असं मानलं गेलं. नंतर पेशी अगारोजच्या जेलीसारख्या वडीत बसवून, डीएनएला धक्का न लावता तो काढला, तेव्हा दुहेरी तूट जवळपास नाहीशी झाली. नाजूक जागा परीक्षानळीत, हाताळताना तुटत होती. पेशीत खरी तूट येते ती फोर्क तिथे पोहोचल्यावर, थोड्या वेळापुरती.

डीएनए तुटूनही पेशी मरत कशी नाही?

कारण दुरुस्तीचं सामान शेजारीच आहे. मॅट१, मॅट२ आणि मॅट३ यांच्या दोन्ही कडांना एकसारखे छोटे पट्टे आहेत, एच१ आणि एच२. तुटलेल्या टोकावर रॅड५१ कुळातलं प्रथिन गुंडाळलं जातं आणि ते टोक गप्प कॅसेटच्या एच१ मध्ये घुसतं. तिथून पॉलिमरेज पूर्ण कॅसेट वाचत एच२ पर्यंत जातं. मग नवा धागा सुटून मॅट१ वर परततो.

आणि कॅसेटच काढून टाकल्या तर? क्लार आणि मिग्लिओ यांनी १९८६ मध्ये मॅट२ आणि मॅट३ नसलेला वाण तपासला. पेशी धडधाकट वाढतात. अशा वेळी त्या बहिणीच्या रेणूवरून दुरुस्ती करतात. टाइप बदलत नाही, पण जीवही जात नाही.

पी असेल तर एमच उचलायची, हे कसं ठरतं?

चुकून स्वतःचीच कॅसेट उतरवली तर सगळी मेहनत फुकट. प्रत्यक्षात दहापैकी आठ-नऊ वेळा पेशी विरुद्ध कॅसेटच निवडते. गंमत अशी की ती मजकूर बघत नाही, जागा बघते. पी पेशी मॅट३ कडे जाते, एम पेशी मॅट२ कडे. संशोधकांनी दोन्ही कॅसेटमधला मजकूर आपसात बदलला, तेव्हा पेशी जुन्याच सवयीने त्याच जागांकडे गेल्या आणि बहुतेक वेळा स्वतःचाच टाइप पुन्हा उतरवून बसल्या.

बेकरीच्या यीस्टमध्येही असंच घडतं का?

नाही. जागा तिथेही तीन आहेत, तिसऱ्या गुणसूत्रावर: मधे मॅट, एका टोकाकडे एचएमएल, दुसऱ्या टोकाकडे एचएमआर. टाइपची नावं 'ए' आणि 'अल्फा'. पण तोडण्याची रीत अगदी वेगळी आहे. तिथे एचओ नावाचं विकर सरळ कात्री चालवतं आणि दोन्ही धागे कापतं. बदलाची सुरुवात दुहेरी तुटीने होते हे १९८२ मध्ये स्ट्रॅदर्न, क्लार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

एचओ फक्त आईच्या पेशीत बनतं. लेकीत त्याचं जनुक अ‍ॅश१ हे प्रथिन बंद ठेवतं. या अ‍ॅश१ चा आरएनए एक मायोसिन मोटार अ‍ॅक्टिनच्या तारांवरून ओढत फुटव्याच्या टोकाशी नेऊन ठेवते, म्हणून प्रथिन लेकीच्याच वाट्याला येतं. ती स्वतः एकदा आई झाल्यावरच टाइप बदलू शकते.

आता वेळ बघा. एचओ डीएनएची नक्कल सुरू होण्याआधी कापतं. दुरुस्तीही नकलेआधी होते आणि मग बदललेल्याच रेणूच्या दोन प्रती निघतात. म्हणून आई आणि तिची नवी लेक दोघी एकदम बदललेल्या मिळतात: चारात दोन, तेही जोडीने. पॉम्बेत तूट नकलेच्या दरम्यान पडते, म्हणून दोनपैकी एकच रेणू बदलतो: चारात एक. चार पेशींची वंशावळ नुसती मोजून तूट कधी पडली हे सांगता येतं, यातली सफाई मला पहिल्यांदा वाचताना फार आवडली होती आणि अजूनही आवडते.

मग दोन यीस्टमधलं कोणतं मूळ आणि कोणती नक्कल?

दोन्ही स्वतंत्र. त्यांच्या वंशरेषा कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या आणि बदलाची यंत्रणा दोन्हीकडे वेगळी घडली. पिकिया या नावाने औषध उद्योगात ओळखलं जाणारं यीस्ट तर नक्कलही करत नाही, गुणसूत्राचा एक तुकडा नुसता उलटा फिरवतं.

प्रयोगशाळेतली बहुतेक यीस्ट टाइप बदलत नाहीत असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. बदलत राहिली तर प्रयोगाचा विचका होईल. बेकरीच्या यीस्टच्या प्रयोगशाळेतल्या वाणांमध्ये एचओ जनुक निकामी असतं. पॉम्बेचे स्थिर वाणही सर्रास वापरतात. बदल अभ्यासायचाच असेल तर एच९० हा वाण घेतात.

अमर क्लार यांचं नाव सतत येतंय. ते कोण?

जन्म पंजाबातला, १९४७ चा. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात शिक्षण, मग विस्कॉन्सिनमध्ये पीएचडी. कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये बेकरीच्या यीस्टवर आणि नंतर मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथल्या कर्करोग संस्थेत पॉम्बेवर काम. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं. धाग्यांच्या फरकातून पेशींचं भवितव्य ठरतं, ही कल्पना त्यांनी माणसापर्यंत ताणून पाहिली: डावखुरेपणा, डोक्यावरच्या भोवऱ्याची दिशा, मानसिक आजार. ते सर्वमान्य झालं नाही, आणि माझ्या मते तिथे पुरावा कल्पनेच्या बराच मागे राहिला. यीस्टमधलं काम मात्र पक्कं आहे.

माणसाच्या पेशींशी याचा काही संबंध?

टाइप बदलणं आपल्यात नाही, पण अवजारं आहेत. एसडब्ल्यूआय१ आणि एसडब्ल्यूआय३ यांची आपल्यातली भावंडं म्हणजे टाइमलेस आणि टिपिन, तीही फोर्कला सांभाळतात. रॅड५१ आपल्यातही तुटलेला डीएनए सांधतं, आणि त्याला मदत करणारं बीआरसीए२ बिघडलं की स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गप्प प्रतीवरून नक्कल उतरवण्याची हीच पद्धत आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा वापरतो. तो आपल्या पृष्ठभागावरचं प्रथिन सारखं बदलतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्याच्या मागे धावत राहते.

दुकानातून आणलेल्या यीस्टमध्ये हे घरी बघता येईल का?

जवळपास नाही. बेकरीसाठी विकलं जाणारं यीस्ट साधारणपणे दोन किंवा अधिक गुणसूत्रसंचांचं असतं आणि त्यात ए आणि अल्फा दोन्हीची माहिती एकत्र नांदते. अशा पेशीत एचओ बंदच असतं, त्यामुळे कापाकापी होत नाही. बघायचंच असेल तर पॉम्बेचा एच९० वाण, नायट्रोजन कमी असलेलं माध्यम आणि आयोडीन एवढं लागतं. एखाद्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ते सहज जमेल. आयोडीनची वाफ मात्र फ्यूम हूडमध्येच घ्यायची, ती डोळ्यांना आणि घशाला झोंबते.